ब्रोमीनचा रंग गेला, मग पुढे?

रावेतमधल्या आमच्या बारावीच्या मुलांना ब्रोमीन वॉटरची टेस्ट फार आवडते. नारिंगी रंग गेला की लगेच वहीत ‘असंपृक्त’! बऱ्याच जणांचे वडील चाकणला, कुणी क्वालिटीतही. म्हणून मी विचारते, “एवढ्यावर तुझे बाबा पार्ट पास करतील का रे?”

मग दोन परीक्षानळ्या घ्यायच्या. एकीत सूर्यफुलाचं तेल, दुसरीत फिनॉलचं पातळ द्रावण. थेंब थेंब ब्रोमीन वॉटर टाकून हलवलं की रंग दोन्हीकडे जातो. फिनॉलच्या नळीत मात्र पांढरा साका येतो. तेलात ब्रोमीन द्विबंधावर जाऊन बसतं, ही समावेशन अभिक्रिया. फिनॉलमध्ये ते वलयावरच्या तीन हायड्रोजनची जागा घेतं आणि २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉल बनतं. ॲनिलीनही असाच चकवा देतं. फिनॉलची शंका आली तर न्यूट्रल फेरिक क्लोराईड टाकून बघावं, जांभळा रंग येतो.

परवा एका मुलीने लिहिलं, ‘रंग गेला, साका आला, अजून ठरवत नाही.’ मी पूर्ण मार्क दिले.

आणि पालकांनो, शुद्ध ब्रोमीन मुलांच्या हाती देत नाही. ते ५९ अंशांनाच उकळतं, वाफ घशाला झोंबते. पाण्यातलं द्रावण मीच करते, हायपो शेजारी ठेवून.