पगाराआधीची ईद

ईद चंद्रावर ठरते, बोनस दिवाळीवर. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि 1965 च्या कायद्याने त्यापुढील आठ महिन्यांत बोनस द्यायचा ठरवला. म्हणून चाकणच्या कामगारांच्या हाती हे पैसे बहुधा दिवाळीच्या तोंडावर पडतात. ईद मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2024 साली ती 11 एप्रिलला झाली, 2025 साली 31 मार्चला. म्हणजे ऐन महिनाअखेरीस.

2024 च्या ईदला आम्ही व्याजाने पैसे काढले. बकरी ईद उलटली तरी हप्ते संपले नव्हते. वर्गात मुलांना सूद हराम आहे म्हणून सांगायचे आणि घरी हप्त्याची तारीख बघायची! ती शरम कर्जापेक्षा जड होती.

दिवाळीत यांचा बोनस आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बेटी, ईद आजच आली असं समज."

मी तीन पाकिटे केली. पहिले फितऱ्याचे, दुसरे मुलांच्या कपड्यांचे, तिसरे शीरखुर्मा आणि ईदीचे. कपडे पिंपरी कॅम्पातून शाबानमध्येच आणले. आम्ही मोठ्यांनी जुनेच धुऊन, इस्त्री करून घातले. ईदला असेल त्यातला चांगला कपडा घालावा. नवाच हवा, असे दीन कुठे सांगतो?

ईदीची दहाची नोट पाहून थोरलीचे तोंड उतरले. पन्नासची सवय होती. मी तिला खरे कारण सांगितले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी पाहिले, तर ती नोट तिने रिकाम्या पाकिटात ठेवली होती.