चढावरची गाडी आणि चाकांचे कोन

चढाला लागलेल्या गाडीच्या सस्पेन्शनचा विचार करताना आधी एक गैरसमज दूर सारावा लागतो, तो असा की रस्ता कलला की चाकांचे कोनही आपोआप बदलतात. वस्तुतः हे कोन रस्त्याच्या पृष्ठभागाच्या संदर्भाने मोजले जातात आणि रस्त्याबरोबर सबंध गाडीच कलत असल्यामुळे निव्वळ चढामुळे त्यांत फरक पडत नाही; फरक पडतो तो भाराच्या वाटणीत, आणि त्या भारामागोमाग कोन हलतात. घाटात चालणाऱ्या गाड्या सांभाळणाऱ्या कारागिराची सारी समज या भेदावर उभी असते.

मागे ओझे वाढले की बैलगाडी उलाळ होते, म्हणून चढावर गाडीवान पुढे सरकून बसतो; मोटारीतही तत्त्व तेच आहे. गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, रस्त्यापासून उंचावर असतो, तर इंजिनाचा जोर टायरच्या तळाशी लागतो, आणि वरून मागे ओढणारे वजन व खालून पुढे ढकलणारा जोर मिळून गाडीचे नाक उचलू पाहतात. १२०० किलोची गाडी, ५५ सेंटिमीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आणि दहास एक असा चढ धरला, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे २६ किलो भार मागच्या चाकांवर जातो.

एवढ्याने पुढच्या स्प्रिंगा काही मिलिमीटर सैलावतात आणि मागच्या दबतात. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कास्टर, गाडीचे नाक उचलले जाईल तितकाच वाढतो. तरीही स्टिअरिंग हलके लागते, कारण पुढच्या टायरांवरचा भारच घटलेला असतो. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत चाक खाली उतरताना सहसा किंचित बाहेर झुकतो. आणि टाय-रॉड व खालचा आर्म यांचे कंस जुळत नसतील, तर चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळून टोही बिघडतो. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीची अडचण याहून मोठी, कारण जेथे पकड हवी तेथलाच भार कमी होतो, आणि हेअरपिन वळणावर आतले चाक आणखी हलके होऊन जागीच फिरू लागते.

मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असलेल्या मालवाहू गाडीत मागच्या चाकांवर भार वाढून पकड सुधारते, पण तेथे वेगळी परीक्षा असते. खालच्या गिअरमधला वाढलेला पीळ चाके पुढे फिरवताना ॲक्सलच्या घराला उलट दिशेने फिरवू पाहतो, त्यामुळे पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि चाक घसरले की तो पीळ एकदम सुटून ॲक्सल थडथडते. ॲक्सलला पाट्याशी आवळून धरणारा यू-बोल्ट सैल असेल तर हा सारा ताण पाट्यांना एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल जागेवरून सरकते आणि गाडी तिरकी चालू लागते. म्हणून घाटातल्या गाडीचे यू-बोल्ट आवळलेले आहेत की नाहीत, हे पाहणे चाकांचे कोन मोजण्याच्या आधीचे काम ठरते.

हे कोन मोजून बसवण्याचे काम, म्हणजे अलाइनमेंट, मात्र सपाट फरशीवर, बहुधा रिकाम्या गाडीवर केले जाते. जाणता कारागीर यंत्रावरच्या आकड्याआधी टायरवर तळहात आडवा फिरवतो. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागणारी नक्षी त्याला टो बिघडल्याचे सांगते. मग गाडी कोणत्या वाटेने, किती माणसे आणि सामान घेऊन जाते हे विचारूनच तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत कोन बसवतो. कारण तक्त्यावरचा आकडा गाडीच्या एकाच अवस्थेचा असतो, आणि बदलत्या भाराखालीही चाक योग्य कोनात राहील अशी तजवीज करणे हीच या विद्येची खरी कसोटी आहे.