चाकाचा कल

उभ्या गाडीकडे पाहिलं की तिची चाकं सरळ आहेत असं वाटतं. ती पूर्ण सरळ नसतात आणि नसावीतही, हे मला पहिल्यांदा कळलं कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये. बाबांची प्रीमियर पद्मिनी तिथे जायची. मिस्त्री गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, मागून पुढे दोरी ताणून बांधायचे. मग पुढच्या चाकाच्या रिमच्या मागच्या कडेपासून दोरी किती लांब आणि पुढच्या कडेपासून किती, हे स्टीलच्या पट्टीने मोजायचे. पुढचं अंतर किंचित जास्त यायला हवं. टाय रॉडचा लॉकनट सैल करायचा, रॉडला जरासा पीळ द्यायचा, गाडी थोडी मागेपुढे ढकलायची आणि पुन्हा मोजायचं. पद्मिनीचं इंजिन मागची चाकं फिरवतं. धावताना रस्त्याचा रेटा पुढच्या चाकांना बाहेर फाकवतो, म्हणून उभ्या गाडीत ती थोडी आत वळवून ठेवायची. यालाच टो-इन म्हणतात. मिस्त्री हे पुस्तकातून शिकलेले नव्हते, पण त्यांचं काम चोख होतं.

पुढे घरी मारुती 800 आली. तिच्यात टोच्या पलीकडे बदलण्यासारखं काही नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना लायब्ररीत मिलिकन पितापुत्रांचा रेसकारवरचा 1995 चा जाडजूड ग्रंथ हाती लागला आणि दोरीच्या त्या खेळामागचं गणित दिसलं. टायर जमिनीला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी. गाडीची सगळी ताकद, सगळे ब्रेक, सगळी वळणं त्या चार तळहातांतून जातात. ती जागा रस्त्यावर सपाट ठेवणं, एवढ्यासाठीच अलायमेंट असतं.

आज माझ्याकडे ऑक्टाव्हिया व्हीआरएस 245 आहे. 2020 साली भारतासाठी 200 गाड्या आल्या, त्यांतली एक. 245 पीएस, 370 न्यूटन मीटर, आणि हे सगळं पुढच्या दोनच चाकांवर. वळायचं त्यांनीच, ओढायचं त्यांनीच. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं. मग भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो आणि आतली कड नुसती टेकून असते. उत्तर सोपं आहे. चाकाचा माथा आधीच थोडा आत झुकवून ठेवायचा, म्हणजे गाडी कलली की चाक सरळ उभं राहतं. हा निगेटिव्ह कॅम्बर. कंपनीकडून पुढे तो साधारण अर्धाच अंश मिळतो आणि बदलायची सोय जवळपास नाही.

कंपनीला हे कळत नाही असं नाही. पुढची पकड आधी सुटली तर गाडीचं नाक बाहेर जातं, घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि गाडी ताळ्यावर येते. शेपूट आधी सुटलं तर सावरायला कसब लागतं. सगळ्या तऱ्हेच्या हातांत जाणाऱ्या गाडीसाठी पुढचा कॅम्बर कमी ठेवण्याचा हा निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो.

तरीही मी कॅम्बर वाढवला. स्ट्रटच्या माथ्याला सरकवता येणाऱ्या प्लेट बसवून पुढे दीड अंश, दोन्हीकडे सारखा. पुढचा टो शून्य, कारण इथे इंजिन ओढतं तेव्हा पुढची चाकं आत वळू पाहतात. पद्मिनीचा हिशेब उलटा होतो. मागच्या चाकांचं थोडं टो-इन मात्र तसंच ठेवलं. ते कमी करायच्या मोहात पडू नये. वेगात गाडीची पाठ त्याच्यावर स्थिर राहते.

फरक तपासायची जागा घाट नव्हे. कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर, पिटमध्ये गाडी येताच टायरच्या रबरात तापमापकाची सुई तीन जागी टोचली: आत, मध्ये, बाहेर. पूर्वी बाहेरची कड सगळ्यात तापायची. आता आतली कड थोडी जास्त गरम आणि बाकी जवळपास सारखं. हेच हवं असतं, टायर पूर्ण रुंदीने राबल्याची ती खूण. करूळ घाटात वेग तोच ठेवते, पण त्याच वळणाला स्टेअरिंग कमी वळवावं लागतं आणि ओल्या रस्त्यावर नाक भरकटत नाही.

अडीच-तीन अंशांपर्यंत जाणारे हौशी लोक भेटतात. रोजच्या गाडीत मला ते पटत नाही. सरळ रस्त्यावर करकचून ब्रेक मारताना टायर आतल्या कडेवरच उभा असतो, आणि आपण गाडी बहुतेक वेळ सरळच चालवतो.

कॅम्बर टायर खातो अशी समजूत आहे. टायर जास्त खातो तो बिघडलेला टो. टायरवरून आडवा तळवा फिरवा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं दातेरी लागलं, तर टो गेला. पावसाळ्यातल्या एका खड्ड्यानेही तो जातो.

अलायमेंटच्या मशीनवर आकडे हिरवे दिसले म्हणजे ते कंपनीच्या मर्यादेत आहेत, एवढंच. आणि ती मर्यादा सैल असते. म्हणून आधी बुश आणि बॉल जॉइंट बघून घ्या, टायरची हवा सारखी करा, मागची चाकं पहिल्यांदा लावायला सांगा. उजव्या-डाव्या चाकांचे आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत गाडी रॅम्पवरून उतरवू देऊ नका.