उजेड कुठून येतोय?

माणसाच्या नाकाखाली सावली आपोआप पडते. हनुवटीखाली, काखेत, सदऱ्याच्या चुण्यांत ती न सांगता येऊन बसते. २८ मिलिमीटरच्या पुतळ्याचं तसं नसतं. पुतळा लहान केला म्हणून खोलीतला उजेड काही त्याच्या मापाचा होत नाही. त्या इवल्याशा नाकाखालची सावली इतकी पुसट असते की हातभर अंतरावरून सगळा चेहरा सपाट दिसतो. म्हणून मिनिएचर रंगवणाऱ्याला उजेडही रंगवावा लागतो आणि अंधारही. गेलं वर्षभर मी हे शिकत होते.

मी नॉटिंगहॅमला राहते, इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. शेजारच्या बाई घर विकून गावातच एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तेव्हा त्यांच्या माळ्यावरून एक जुनं खोकं खाली आलं. 'हीरोक्वेस्ट' नावाचा पटावरचा खेळ. तो त्यांच्या मुलाचा, आणि मुलगा आता चाळिशी ओलांडलेला. "तुमच्या लेकीला होईल," म्हणत त्यांनी ते आमच्या दारात आणून ठेवलं. मिल्टन ब्रॅडली कंपनीने गेम्स वर्कशॉपच्या साथीने १९८९ मध्ये हा खेळ काढला. बार्बेरियन, ड्वॉर्फ, एल्फ आणि विझर्ड असे चार वीर भुयारात उतरतात आणि एक खेळाडू समोरून राक्षसांची फौज चालवतो. वीर लाल प्लास्टिकचे, ऑर्क आणि गॉब्लिन हिरवे, सांगाडे आणि ममी पांढऱ्या, केऑस वॉरियर करडे. एकूण ३५ पुतळे. आम्ही जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून पाहिले, एकही हरवलेला नव्हता. मात्र रंग कुणालाच लावलेला नव्हता.

बाईंचा मुलगा दर नाताळात आईकडे येतो. पुढच्या नाताळात हा पट पूर्ण रंगवून त्याच्यापुढे मांडायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. महिन्याला साधारण तीन पुतळे पडत होते.

या छंदाला नॉटिंगहॅमसारखं दुसरं गाव नाही. गेम्स वर्कशॉप १९७५ मध्ये सुरू झालं लंडनला, पण आज त्याचं मुख्यालय इथे लेंटनमध्ये आहे. कारखानाही इथेच. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत, 'फुट्सी १००' मध्ये, गेली. तिच्या आसपास पेरी मिनिएचर्स, वॉरलॉर्ड गेम्स, मॅन्टिक, वॉरगेम्स फाउंड्री अशा कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. एके काळी पुतळे शिसं मिसळलेल्या धातूत ओतले जायचे, म्हणून या पट्ट्याला अजूनही 'लेड बेल्ट' म्हणतात. गेम्स वर्कशॉपच्या 'वॉरहॅमर' या खेळाचं नाव जगभर झालं. माझ्या खोक्यातले साधे पुतळेही त्याच हातांखालून गेलेले होते: हीरोक्वेस्टचे मूळ नमुने गेम्स वर्कशॉपच्याच मूर्तिकारांनी घडवले. इथल्याच कुणीतरी एका सांगाड्याच्या फासळ्या कोरल्या आणि तीसहून जास्त वर्षांनी त्या तीनचार मैलांवर माझ्या टेबलावर आल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं.

रंगाआधीची तयारी बरीच असते. इतक्या वर्षांची धूळ आणि पोरांच्या बोटांचं तेल बसलेलं. भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक पुतळा घासला. माळ्यावर दबून काही तलवारी वाकल्या होत्या. पुतळा गरम पाण्यात धरला की पातं मऊ पडतं, बोटाने सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते तसंच राहतं. मग अस्तर. ते सहसा स्प्रेने मारतात, पण जानेवारीत इथे बाहेर हवा थंड आणि ओली. अशा हवेत स्प्रे मारला तर अस्तर नीट बसत नाही. म्हणून मी ब्रशने लावायचं अस्तर आणलं. आधी सगळीकडे काळा हात. तो वाळला की फक्त डोक्यावर, खांद्यांवर, गुडघ्यांच्या वरच्या बाजूला करडा, आणि अगदी माथ्यावर पांढरा. याला 'झेनिथल' म्हणतात, म्हणजे डोक्यावरच्या सूर्याचा उजेड. एकही रंग लागायच्या आधी ऊन कुठे पडणार हे पुतळ्यावर दिसायला लागतं.

सांगाड्यांपासून सुरुवात केली, कारण हाड नवशिक्या हाताला सांभाळून घेतं. हस्तिदंती रंगाचे दोन पातळ हात द्यायचे. पातळ हा शब्द इथे महत्त्वाचा. जाड रंग बसला की फासळ्यांमधल्या खाचा बुजतात आणि मूर्तिकाराची मेहनत वाया जाते. हे दोन हात वाळले की तपकिरी वॉश. वॉश म्हणजे खूप पातळ, वाहता रंग. तो ब्रशने नुसता सोडायचा. उंचवट्यावरून तो आपण होऊन घसरतो आणि फासळ्यांच्या मधे, डोळ्यांच्या खोबणीत, दातांच्या फटीत जाऊन थांबतो. जिथे थांबतो तिथे सावली तयार. ही पाचदहा मिनिटं खुर्चीवरून उठायचं नाही. कुठे तळं साचलं तर कोरड्या ब्रशच्या टोकाने ते टिपून घ्यावं लागतं, नाहीतर वाळल्यावर कडेने डाग राहतो. शेवटी ड्रायब्रश. मी त्यासाठी माझा गालांवर पावडर लावायचा जुना मऊ ब्रश काढला, आणि दुकानातल्या कुठल्याही ब्रशपेक्षा तो सरस ठरला. फिकट रंगात टेकवायचा, किचन पेपरवर पुसायचा, इतका की रंग उरलाच नाही असं वाटावं. मग पुतळ्यावरून हलकेच फिरवायचा. कवटीचा माथा, बरगड्यांच्या कडा, बोटांची पेरं उजळून येतात. पहिला सांगाडा असा उजळताना पाहिला तेव्हा मी लेकीला अभ्यासावरून उठवून बोलावलं.

सामान थोडंच लागतं. पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर ठेवला की वेट पॅलेट झाली. खालून पाणी झिरपत राहतं, ॲक्रिलिक रंग तासन्‌तास वाळत नाही. ब्रशवर मात्र पैसे खर्चावेत असं माझं ठाम मत आहे. बारीक कामाला बारीकातला बारीक ब्रश हवा असं वाटतं, पण तीन शून्यांच्या ब्रशच्या पोटात रंगच राहत नाही, पुतळ्याशी पोचेपर्यंत टोक सुकतं. कोलिन्स्की या प्राण्याच्या केसांचा एक नंबरचा ब्रश घ्यावा. पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं.

मार्च ते मे ऑर्क आणि गॉब्लिन. आठ ऑर्क, सहा गॉब्लिन. आठांना एकदम घेतलं तर आठ पट्टे, आठ बूट, आठ म्यानं आणि हाताला काही संपल्याचं समाधानच नाही. तीन-तीन घ्यायला लागल्यावर काम सरकलं. हिरव्या कातडीत सावलीसाठी काळा घातला तर ती मळकट दिसते, पण किंचित जांभळा घातला की जिवंत होते, हे त्या तिघातिघांतच उमगलं. नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर, सांध्यांवर अगदी पाण्यासारखा लाल फिरवला की आत रक्त असल्यासारखं वाटतं.

दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या एका खेळांच्या दुकानात रंगवणारे जमतात. लांब टेबल, प्रत्येकापुढे एक दिवा. तिथे एक निवृत्त बसचालक येतात, नेपोलियनच्या काळातले फ्रेंच शिपाई रंगवतात, कोटाच्या बटणांसकट. त्यांनी माझा ऑर्क बोटांत फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "उजेड कुठून येतोय याच्यावर?"

तोवर मी कड दिसली की उजळत होते. चिलखताची वरची कड, खालची कड, बुटाची कड, सगळ्या सारख्याच. त्यांनी आपला शिपाई माझ्यापुढे ठेवला. एकच निळा कोट, पण खांद्यावर जवळजवळ आभाळी आणि कमरेखाली जवळजवळ काळा. डाव्या बाहीवर ऊन, उजव्या बाहीवर नाही. डबी एकच उघडली होती, असं ते म्हणाले. बाकी सगळं तिच्यात काय किती मिसळायचं याचं काम.

तेव्हापासून माझं चालणंफिरणंच बदललं. संध्याकाळची पाळी संपवून ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले की मी माणसांचे चेहरे न्याहाळायची. डोक्यावरच्या दिव्याखाली कपाळ, नाकाचा दांडा, गालाची हाडं उजळतात. डोळ्यांच्या खोबणी पार बुडतात. वरचा ओठ काळोखात, खालचा उजेडात. मग मी ठरवून टाकलं की माझ्या भुयारात उजेड वरून, डाव्या बाजूने येणार, ३५ जणांवर तिथूनच. रंगवलेले ऑर्क पुन्हा हाती घेतले आणि प्रत्येकाची उजवी बाजू एका वॉशने खाली उतरवली. पटावर ठेवल्यावर ते एकाच खोलीत उभे असल्यासारखे दिसायला लागले.

चार वीर मी उन्हाळ्यासाठी राखून ठेवले होते. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि डोळे रंगवायला खिडकीतल्या उजेडासारखा दुसरा दिवा नाही.

माझं आजोळ पेणचं. गणपतींच्या कारखान्यांत उन्हाळ्याची सुट्टी गेली. तिथे शंभर हात राबतात, पण डोळ्यांची आखणी सगळे करत नाहीत. आमचे मामा करायचे. सगळ्या मूर्ती रंगून झाल्या, सोवळं झालं, दागिने झाले की शेवटी ते मांडी घालून बसायचे, मूर्तीच्या गुडघ्यावर करंगळी टेकायचे, श्वास आत घ्यायचे आणि एका दमात पापणीची रेघ ओढायचे. त्या वेळी कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. करंगळीचा तो टेकू माझ्या अंगात तेव्हाच उतरला असणार, कारण बार्बेरियनला हातात धरल्यावर माझी करंगळी आपोआप, धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या पायाखाली चिकटवलेल्या बुचावर जाऊन टेकली.

क्रम मात्र इथे उलटा. पेणला डोळे सगळ्यांच्या शेवटी, इथे सगळ्यांच्या आधी. बार्बेरियनचा चेहरा चारपाच मिलिमीटरचा, डोळा मिलिमीटरभरही नाही. खोबण आधी गडद तपकिरी करायची. त्यात फिकट राखाडी आडवी रेघ. शुभ्र पांढरा घेतला तर तो दचकल्यासारखा बघतो. बुबुळ म्हणून ठिपका द्यायचा नाही. वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी बारीक रेघ ओढायची, म्हणजे नजर स्थिर होते. मग भोवतीची कातडी रंगवताना रेघेचा जादा भाग झाकायचा. कातडीचा रंगच डोळ्याला आकार देतो. मामांना हे फोनवर समजावून सांगितलं. आता त्यांचा हात थरथरतो, आखणी सोडून बरीच वर्षं झाली. ते बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "श्वास आत घेऊन थांबू नकोस गं, लहान कामाला सोडत-सोडत रेघ ओढ. आत धरलेल्या श्वासाने छाती उडते." बार्बेरियनचा उजवा डोळा मी तसा काढला. एल्फ, विझर्ड आणि ड्वॉर्फ यांचेही.

ऑगस्टमध्ये लेकीला घेऊन लेंटनला 'वॉरहॅमर वर्ल्ड' हे प्रदर्शन पाहिलं. काचेमागे ठेवलेले पुतळे इतके बारीक रंगवलेले की नाक काचेला लागतं. गेम्स वर्कशॉपची 'गोल्डन डेमन' ही स्पर्धा १९८७ पासून चालत आली आहे, सर्वोत्तम ठरलेल्याला खरोखरीची लांब तलवार देतात. एकेका पुतळ्यावर महिनेच्या महिने घालवणारी माणसं आहेत, त्यांच्यापुढे मी मनापासून नतमस्तक होते. पण मला ते करायचं नव्हतं. माझे पुतळे काचेमागे जाणार नव्हते. चौघं जण टेबलाभोवती बसणार, पिवळ्या दिव्याखाली, फासे टाकणार, आणि कुणीतरी ऑर्कला मुंडकं धरून उचलणार. तेवढ्या अंतरावरून आणि तेवढ्या गडबडीतही भुयार भुयारासारखं दिसलं पाहिजे. म्हणून मी बुटांचे बंद सोडून दिले आणि सगळा वेळ चेहऱ्यांना आणि खांद्यांना दिला.

नोव्हेंबरात दुपारी चारलाच काळोख पडू लागला. पंख पसरलेला गार्गॉइल शेवटचा होता. दगडी करडा, पंखांच्या आतल्या पडद्यावर फिकट तांबडा. दोन दिवे दोन्ही बाजूंनी लावले की सावल्या एकमेकींना खातात आणि आपण काय रंगवतोय ते कळत नाही, म्हणून एकच दिवा वर, डावीकडे ठेवून तो पुरा केला. शेवटी सगळ्यांना आधी चकचकीत वॉर्निश, कारण ते कडक असतं, आणि त्यावर मॅट, चमक घालवायला.

नाताळानंतर दोन दिवसांनी शेजारीणबाई आणि त्यांचा मुलगा आले. त्याने पट पाहिला, काही बोलला नाही, खुर्ची ओढून बसला आणि राक्षसांची बाजू मागून घेतली. लहानपणी तीच त्याची बाजू होती म्हणे. बाईंनी ड्वॉर्फ घेतला, लेकीने विझर्ड, माझ्याकडे बार्बेरियन आणि एल्फ दोन्ही. दार उघडलं की तो एकेक ऑर्क खोलीत मांडायचा, आणि मांडताना प्रत्येकाचं तोंड आमच्याकडे वळवायचा. खेळ रात्री अकराच्या पुढे गेला. विझर्ड दोनदा मरता मरता वाचला.

दुसऱ्या दिवशी पुतळे खोक्यात ठेवताना पाहिलं तर एका ऑर्कच्या शिरस्त्राणावरचा रंग घासून करडं अस्तर दिसत होतं. बार्बेरियनच्या तलवारीचं टोकही तसंच. दोन्ही ठिकाणी रंग लावून वरून वॉर्निशचा आणखी एक हात दिला. आता या खेळाचा एक पुरवणी संच, 'रिटर्न ऑफ द विच लॉर्ड', शोधते आहे. त्यात सगळे सांगाडे, झॉम्बी आणि ममी आहेत. जुना मिळाला तर उत्तम, नाहीतर नव्याने निघालेला घेईन.