सुकाणू दुसऱ्याच्या हाती

व्यवसाय हे माणसाच्या चरितार्थाचे साधन तर असतेच. पण गावात ती त्याची ओळखही होऊन बसते. एक बँकवाला असतो, दुसरा मास्तर, तिसरा बोटीवरचा. त्यामुळे चाळिशी ओलांडलेला गृहस्थ संसाराची बसलेली घडी मोडू लागला, की पगार जाण्याच्या चिंतेइतकीच ही ओळख पुसली जाण्याची चिंताही घराला ग्रासते.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबापुढे असाच पेच उभा राहिला. वीस वर्षे बँकेत चोख काम केलेले हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी मुंबई बंदरात शिडाची होडी हाकायला शिकले आणि आता नोकरी सोडून त्यांना त्याच विद्येचे प्रशिक्षक व्हायचे होते. त्यांच्या वृद्ध वडिलांनी मला गाठले. “फादर, माझ्या बापाने शिडाच्या होडीवर जन्म काढला, तो पोटासाठी. मी ह्याला शिकवले, ते होडीतून उतरावे म्हणून. आणि हा पुन्हा होडीत चढतो! तुम्हीच त्याला समजवा.” त्यांच्या बोलण्यात राग थोडा होता, भय अधिक होते.

ते भय अनाठायी नव्हते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने दर्या खवळलेला असतो. लहान होड्या ओढून ठेवल्या की शिकवणी बंद आणि मिळकतही बंद. मुलांच्या शाळेचा खर्च मात्र नेमका जूनमध्येच दारात उभा राहतो.

अशा वेळी मला फ्रान्समधील फिलिप आणि एलेन व्हियाने या दांपत्याचे स्मरण झाले. फिलिप यांनी तरुणपणी काही काळ सेमिनरीत शिक्षण घेतले होते. एलेन भूगोलाच्या विद्यार्थिनी होत्या. जर्मनांनी फ्रान्स व्यापला असताना, १९४१ पासून, त्यांनी सहकाऱ्यांसह एक गुप्त वृत्तपत्र चालविले. काही काळ ते पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाच्या तळघरात छापले जात असे. युद्ध संपल्यावर लढ्यातून आणि छळछावण्यांतून परतलेल्या तरुणांना विसावा मिळावा, म्हणून १९४७ साली ब्रिटनी प्रांतासमोरील ग्लेनां बेटांवर त्यांनी एक केंद्र उघडले. त्यातूनच युरोपातील एक नामांकित नौकानयन शाळा उभी राहिली. एलेन यांनी अनेक वर्षे तिची धुरा वाहिली. तेथे शिकविणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि स्वयंपाक, झाडलोट ही कामे शिकणारेच वाटून घेतात. ज्यांचा जगण्यावरचा विश्वास डळमळला होता, त्यांच्या हाती उपदेशाऐवजी सुकाणू देण्यात आले, हे मला फार मोलाचे वाटते.

शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. नवशिक्याचा अंदाज चुकतो, शीड फडफडते, होडी अडते. गुरूने लागलीच सुकाणू ओढून घेतले तर शिष्य कधीच शिकत नाही. फार उशीर केला तर होडी उलटते. या दोहोंमधला क्षण ओळखणे, हीच प्रशिक्षकाची खरी विद्या. स्वतः उत्तम होडी हाकता येणे निराळे!

निर्णय पतिपत्नींचा होता; मी दोनच प्रश्न विचारले. पावसाळ्याची तजवीज काय? आणि शिष्य चुकत असताना आपले हात मांडीवर ठेवता येतील का? पहिल्याचे उत्तर त्यांच्या पत्नीने दिले : “आधी वर्षाचा खर्च बाजूला पडू दे, मग राजीनामा.” दुसऱ्या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, ते अजून जमत नाही.” पुढचा हंगामभर बँक सांभाळून, रविवारी मिस्सा आटोपून ते शिकवीत राहिले. त्यानंतरच त्यांनी नोकरी सोडली.

मुलांना वाढविताना आपणही हेच काम करीत असतो. त्यांना वारा ओळखायला आपण शिकवितो, धोक्याच्या जागा दाखवितो. मात्र सुकाणूवरचा हात काढण्याची वेळ आली, की आपली बोटे सैल होत नाहीत. त्या वृद्ध पित्याला मी एवढेच म्हणालो, “बाबा, तुम्ही त्याला चांगले शिकविले आहे. आता हात काढा. पण होडीतून उतरू नका.”