मॅथ्सचे सर हिस्टरीवाले!

समजा, उद्या तुमच्या एचआरने मेल टाकला, 'अकाउंट्सच्या जोशींनी सोमवारपासून कोडिंग करावं.' आधी तुम्ही हसाल, मग गुपचूप रेझ्युमे अपडेट कराल! आता यातला जोक वजा करा आणि माझ्यासोबत मोखाड्याला चला.

जव्हार-मोखाडा म्हटलं की आपल्याला आठवतो जयविलास पॅलेस, दाभोसा धबधबा आणि पावसाळी वीकेंड. 2014 मध्ये ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातले हे दोन आदिवासी तालुके. एका स्टोरीसाठी तिकडे गेले, तेव्हा दहावीला गणित शिकवणारे एक सर भेटले. बीए हिस्टरी. बीएडची मेथड इतिहास आणि मराठी. ''काय करणार मॅडम, तास रिकामा ठेवता येत नाही,'' ते म्हणाले. आदल्या रात्री गाईड घेऊन बसतात, गणितं स्वतः सोडवून बघतात आणि मग वर्गात जातात. अशा माणसावर चिडणार तरी कसं?

घोळ आहे तो हिशेबात. शाळेत शिक्षक किती, हे पटसंख्येवर ठरतं. त्याला म्हणतात संचमान्यता. इथले पाडे डोंगरात विखुरलेले. शाळा लहान, पट कमी, म्हणून पदंही कमी. विषय मात्र मुंबईच्या शाळेत असतात तेवढेच! त्यात गणितवाले सर बदली होऊन गेले, की उरलेल्यांनी तास वाटून घ्यायचे.

2009 चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांच्यासाठी वेगवेगळे शिक्षक मागतो. पण हा कायदा आठवीपर्यंतच. बोर्डाची परीक्षा असते दहावीला! बरं, हे कुणाला दिसत नाही असंही नाही. शिक्षक काय शिकलाय आणि काय शिकवतोय, हे दोन्ही यूडायसच्या फॉर्मात भरावंच लागतं.

सरांच्या वर्गातल्या एका मुलीला नर्स व्हायचंय. बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं. दहावीत गणित-विज्ञान कच्चं राहिलं, की अकरावीला आर्ट्स. मग आपण म्हणणार, 'या मुलांना सायन्सची आवडच नसते.' आवडीचा प्रश्न येतोच कुठे? चॉइसच नव्हता, बॉस!

उपाय रॉकेट सायन्स नाहीत. जवळच्या दोन-तीन शाळांना मिळून एक गणिताचा शिक्षक द्या, वार ठरवून द्या. डोंगराळ तालुक्यांत डोकी मोजण्याआधी विषय मोजा. आणि तोवर जे दुसऱ्याचा विषय सांभाळताहेत, त्यांना निदान सुट्टीत त्या विषयाचं नीट ट्रेनिंग द्या. सरांना मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते म्हणाले, ''मला माझा इतिहास परत द्या. आणि पोरांना गणिताचा माणूस.''