होडी रोखीने की हप्त्याने?

चंदीगडचे सेक्टर शहराची हद्द संपली म्हणून संपत नाहीत. त्यांचे क्रमांक पुढे पंजाबातील मोहालीतही चालू राहतात आणि आमचा सेक्टर 67 अशा पुढे गेलेल्या क्रमांकांपैकीच एक आहे. येथे रुंद रस्ते आहेत, रांगेने लावलेली झाडे आहेत, शेजारी मनमिळाऊ आहेत. नाही ते एकच, खारे पाणी. ती उणीव काही अंशी भरून काढतो चंदीगडचा सुखना तलाव. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा एक पावसाळी ओढा अडवून 1958 साली तो बांधला गेला. या पाण्यावर यंत्राच्या नौकांचा गोंगाट नसावा, असा नगररचनाकार ल कॉर्बुझिये यांचा आग्रह होता. रविवारी सकाळी तेथे वल्ह्यांची होडी भाड्याने घेऊन बसलो की माझे मन दोन हजार किलोमीटर दक्षिणेकडे जाते आणि मालवण तालुक्यातील देवबागेस, कर्लीच्या खाडीवर जाऊन थांबते. तेथे आमचे घर आहे, आई आहे आणि दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर मीही असणार आहे.

त्या खाडीसाठी आपली स्वतःची एक होडी असावी, ही माझी जुनी हौस. मासेमारीसाठी नव्हे, संध्याकाळी आईला घेऊन मुखापर्यंत जावे, नातवंडांना पाणी दाखवावे, एवढ्यासाठीच. मालवणकडील एका कारागिराने फायबरच्या होडीची किंमत 1,70,000 रुपये सांगितली. मागे लावायचे इंजिन आणि किरकोळ साहित्य धरून हिशोब तीन लाखांवर गेला. आमच्या मुदत ठेवी होत्या पाच लाखांच्या. म्हणजे प्रश्न पैसे नसल्याचा नव्हता. ते ठेवीतून काढावेत की कर्ज घ्यावे, हा होता.

माझा पुतण्या मुंबईत एका बँकेत आहे. त्याने प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली. मच्छीमाराच्या नौकेसाठी कर्जे आहेत, 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचे साहाय्यही आहे. हौसेच्या होडीला मात्र साधे वैयक्तिक कर्जच घ्यावे लागेल. सरकारचाही दृष्टिकोन तोच आहे. मासेमारीच्या नौकेवर वस्तू व सेवा कर 5 टक्के, तर करमणुकीच्या नौकांवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. मला यात अन्याय दिसत नाही. पोट भरणारी होडी आणि मन भरणारी होडी यांत भेद करायलाच हवा.

तथापि पुतण्याचा सल्ला कर्जाकडेच झुकणारा होता. तो म्हणाला, "काका, तीन लाखांचे कर्ज 12 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घ्या. हप्ता 6,673 रुपये. सगळे मिळून व्याज जाईल एक लाखाच्या आसपास. तुमचे तीन लाख ठेवीत 7 टक्क्यांनी राहिले तर पाच वर्षांत व्याज मिळेल एक लाख वीस हजार. म्हणजे होडीही आली आणि वर वीस हजारांचा नफा!"

हे ऐकून मला आनंद झाला, हे कबूल करतो. हौसेच्या बाजूने हिशोब बोलू लागला की माणूस तो पुन्हा तपासत नाही. पण रात्री झोप येईना. बारा टक्क्यांनी घेतलेले पैसे सात टक्क्यांनी ठेवून नफा कसा होईल? तसे होत असते तर या देशात कोणी गरीब उरला नसता! उठून कागद घेतला, तेव्हा गफलत कोठे आहे ते ध्यानात आले. कर्जाची रक्कम दरमहा घटत जाते, म्हणून दर मोठा असूनही व्याजाची बेरीज लहान दिसते. ठेव मात्र पाचही वर्षे अखंड राहते. आणि जी रक्कम घटते ती आपोआप घटत नाही. माझ्या पगारातून दरमहा 6,673 रुपये जातात तेव्हा ती घटते. ते रुपये पुतण्याच्या हिशोबात कोठेच नव्हते. होडी रोखीने घेऊन तेच रुपये दरमहा 7 टक्क्यांच्या आवर्त ठेवीत टाकले, तर पाच वर्षांनी सुमारे पावणेपाच लाख होतात. कर्जाच्या मार्गाने हाती राहतात सुमारे चार लाख वीस हजार. वीस हजारांचा नफा दूरच. पंचावन्न हजारांचा तोटा! शिवाय कर्जाचे प्रक्रिया-शुल्क आणि ठेवीच्या व्याजावरील कर वेगळे.

(एका विक्रेत्याने तर "फक्त 7 टक्के" असे सांगितले होते. ते व्याज पाचही वर्षे मूळ तीन लाखांवर धरायचे होते. घटत्या रकमेवर त्याचा अर्थ साडेबारा टक्के होतो. दर विचारताना तो कोणत्या रकमेवर, हेही आपण अवश्य विचारावे.)

सकाळी मी विजयी मुद्रेने कागद सौभाग्यवतींपुढे ठेवला. तिने तो नीट वाचला आणि म्हणाली, "हिशोब बरोबर आहे. पण अहो, बँकेचा हप्ता आपण भरू, कारण भरावाच लागेल. स्वतःचा हप्ता आपण स्वतःकडे दरमहा भरू, हे कशावरून?"

यावर मला उत्तर नव्हते. तिने आणखी एक आठवण करून दिली. दोन वर्षांपूर्वी आईचा पाय मोडला, तेव्हा तिला रातोरात गोव्यास न्यावे लागले होते. शस्त्रक्रियेचे पैसे दुसऱ्या दिवशी हवे होते आणि ठेव मोडून ते उभे राहिले. पाच लाखांतून तीन गेले तर उरणारे दोन लाख अशा प्रसंगी किती पुरतील? पुतण्याचे गणित चुकले होते. पण हाताशी पैसा असावा, हे त्याचे म्हणणे चुकलेले नव्हते.

मला आजोबांचीही आठवण झाली. त्यांची मासेमारीची होडी व्यापाऱ्याच्या उचलीवर घेतलेली होती. उचल फिटेपर्यंत मासळी त्यालाच आणि त्याच्याच भावाने द्यायची, असा करार. आई सांगते, की होडी जुनी होऊन फुटली तरी उचल फिटली नव्हती. त्यांना पर्यायच नव्हता. त्या होडीवर सात तोंडे जगत होती. माझ्या होडीवर कोण जगणार होते?

शेवटी सौभाग्यवतींनी सुचवले ते असे. होडी आलीच आहे असे समजून आजपासून दरमहा 6,700 रुपये बाजूला टाकायचे आणि काही महिने पाहायचे. आम्ही तसे केले. सात महिन्यांत पाच वेळा पैसे टाकले गेले, दोन वेळा नाही. एकदा मुलीच्या परीक्षेचे शुल्क आले, एकदा गावी जाण्याचा खर्च. बँकेचे कर्ज असते तर ते दोन हप्ते कोठून आणले असते, हे मला आजही सांगता येत नाही. आणि हा केवळ हप्ता झाला! होडीला पावसाळ्यात ओढून झावळ्यांच्या छपराखाली ठेवणारी माणसे लागतात, इंजिनाला इंधन व देखभाल लागते, यंत्रावर चालणारी म्हणून नोंदणी लागते. हे सारे होडी पाण्याबाहेर असली तरी चालूच असते.

तेव्हा ठरले ते असे, की होडी रोखीने घ्यायची, पण इंजिनाशिवाय. साठलेले 33,500 रुपये आणि ठेवीतले 1,36,500. ठेवीत साडेतीन लाखांहून थोडे अधिक राहतील. कारागिराला मी तसे कळवले, तेव्हा तो जरा नाराज झालेला दिसला. आईला फोनवर भीत भीत सांगितले, की होडी येते आहे, पण इंजिन नाही. ती म्हणाली, "इंजिन कित्याक व्हया? हात मोडले काय तुझे?"

होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जाईल. तोवर मी दर रविवारी सुखन्यावर अर्ध्या तासाच्या भाड्यात वल्ही मारण्याचा सराव करीत आहे. उजव्या तळहाताला दोन फोड आले आहेत.